लपला तो कोणापासून?

वैशाखांतील ऊन कलूं लागलें आणि भुसावळच्या रेल्वे-वसाहतींतील भिंतींनीं दिवसभर सांठविलेली ऊब थोडी ओसरली, कीं मुलें हातांतील मोबाईल बाजूला टाकून बाहेर पडतात आणि लपंडावाला आरंभ होतो. चाळींच्या मागच्या गल्ल्या, पाण्याच्या टाक्या, कडुनिंबाचे बुंधे, दोरीवर वाळत घातलेल्या साड्या, एवढें साहित्य या खेळाला पुरतें. ज्याच्यावर राज्य आलें असेल तो भोज्यापाशीं डोळे मिटून आंकडे मोजतो आणि मग शोधावयास निघतो. दहा मिनिटें खेळ सुरळीत चालतो. अकराव्या मिनिटाला तंटा उभा राहतो.

"दिसलास! टाकीमागें निळा सदरा! बाळ्या, बाहेर ये!"

"निळा सदरा बाळ्याचा खरा, पण आज तो माझ्या अंगांत आहे. अंडें फुटलें! राज्य पुन्हां तुझ्यावर!"

"असें कसें? मला दिसला तो तूंच ना?"

"दिसलों मी, पण नांव बाळ्याचें घेतलेंस."

ओसरीवर बसलेल्या वडील मंडळींना हा निव्वळ कलकलाट वाटतो. "रडीचा डाव खेळूं नका रे," असें एखादे आजोबा म्हणतात आणि पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घालतात. पण त्या पोरांच्या पंचायतीपुढें आलेला प्रश्न पोरकट नाहीं. दिसणें, ओळखूं येणें आणि सांपडणें या तीन गोष्टी एकच आहेत, कीं निरनिराळ्या? नियम करणाऱ्यानें एक शब्द वापरला आणि खेळणाऱ्यांनीं त्याचे तीन अर्थ केले, तर न्याय कोणत्या अर्थाचा धरावयाचा? गेलीं पन्नास वर्षें याच प्रश्नावर चांगलीं शहाणींसुरतीं माणसें मेजाभोंवतीं बसून घसे कोरडे करीत आलीं आहेत. तो वाद लपंडावाचा नाहीं, दुसऱ्या एका खेळाचा आहे. आणि त्या खेळाची थोडी ओळख करून घेतल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं.

त्याचें नांव डंजन्स अँड ड्रॅगन्स. डंजन म्हणजे तळघर, ड्रॅगन म्हणजे आग ओकणारा पंखांचा सर्प. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं रचलेले त्याचे नियम 1974 सालीं तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें छापले गेले. या खेळाला सोंगट्यांचा पट असलाच पाहिजे असें नाहीं. चारपांच जण एकत्र बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर अशा भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो : रात्र आहे, जुनी गढी आहे, देवडीवर पहारेकरी आहे. चोराची भूमिका घेतलेला खेळाडू म्हणतो, "मी भिंतीच्या सावलींतून पलीकडे सरकतों." जमलें कीं नाहीं हें उघड नसेल, तर वीस अंगांचा फांसा टाकावयाचा आणि पडलेल्या दानांत त्या भूमिकेच्या अंगचें कौशल्य मिळवावयाचें. पुण्यामुंबईकडील तरुण मंडळींतहि हा खेळ खेळला जातो. सुट्टींत घरीं आलेल्या मुलाच्या पिशवींत असले चमत्कारिक फांसे सांपडले, तर आईबापांनीं लागलीच जुगाराची शंका घेऊं नये.

तरवारीचा घाव लागला कीं नाहीं, याबद्दल या खेळांत तंटा क्वचितच होतो. तंटे होतात ते मुख्यत्वेंकरून लपण्याच्या आणि पाहण्याच्या नियमांवर. याचें कारण नियम करणाऱ्यांचा आळस हें नव्हे. मनुष्य एकटा धांवूं शकतो, एकटा भिंत चढूं शकतो. पण एकट्याला लपतां येत नाहीं. तो कोणापासून तरी लपतो. टाकीमागें बसलेला मुलगा भोज्यापाशीं उभ्या असलेल्या गड्यापासून लपलेला असतो, आणि त्याच वेळीं माडीवर कपडे वाळत घालणाऱ्या त्याच्या काकूला तो नखशिखांत दिसत असतो. तेव्हां "तो लपला आहे काय?" हा प्रश्नच अपुरा आहे. नियमाच्या पुस्तकांत मात्र "लपलेला" हें विशेषण एखाद्या मनुष्याला उंची किंवा वजन असावें तसें चिकटविलेलें असतें, आणि तेथून घोटाळ्याला सुरुवात होते.

मराठी श्रोत्याला या घोटाळ्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. पांडवांचा अज्ञातवास हा लपण्याचाच एक नियम होता. बारा वर्षें वनांत राहावयाचें, तेरावें वर्ष अज्ञात राहून काढावयाचें, आणि त्या वर्षांत ओळखले गेले तर पुन्हां बारा वर्षें वनवास. आतां या तेराव्या वर्षीं पांडव कोठें दडून बसले होते? विराटाच्या भरवस्तींत, दिवसाढवळ्या! भीम पाकशाळेंत होता, युधिष्ठिर राजाशीं फांसे खेळत होता, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवीत होता. शेंकडों डोळ्यांनीं त्यांना रोज पाहिलें. तरी अज्ञातवास मोडला असें कोणी म्हणत नाहीं, कारण करार दिसण्याविषयीं नव्हता, ओळखूं येण्याविषयीं होता. टाकीमागच्या सदऱ्याचा न्याय तोच आहे.

पुढें कौरवांनीं विराटाच्या गाई वळविल्या, अर्जुन उत्तराचा रथ हांकीत बाहेर पडला, गांडीवाचा टणत्कार झाला आणि शंख वाजला. द्रोणांनीं तत्काळ ओळखलें. दुर्योधनाला आनंद झाला : मुदत भरण्यापूर्वींच गडी सांपडला! येथें नियमाची दुसरी संदिग्धता पुढें आली. तेरा वर्षें म्हणजे कोणत्या गणतीचीं? भीष्मांनीं हिशेब केला. दर पांच वर्षांना दोन महिने अधिक पडतात, त्या मानानें तेरा वर्षांत पांच महिने आणि बारा रात्री अधिक झाल्या. तेव्हां मुदत पुरी झाली आहे, असा त्यांनीं निर्णय दिला. निर्णय देणारा सर्वांत वडील, सर्वांत जाणता. तरी तो दुर्योधनाला पटला नाहीं. खेळाआधीं गणना ठरविली नाहीं, खेळ मोडल्यावर ठरविली, हें त्याचें एक कारण म्हणतां येईल. दुर्योधनाला कोणतीहि गणना पटली नसती, हें दुसरें.

दशरथाची गोष्टहि येथेंच आठवावी. शरयूच्या कांठीं रात्रीं घडा भरल्याचा आवाज झाला आणि राजानें हत्ती समजून शब्दवेधी बाण सोडला. बाण बरोबर जागीं लागला. म्हणजे राजाला स्थान कळलें होतें, रूप दिसलें नव्हतें, आणि ओळख तर साफ चुकली होती. "न दिसणारा" आणि "ठावठिकाणा न कळणारा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें ज्या सूत्रधाराला उमगलें नाहीं, त्याच्या मेजावर पहिल्याच रात्रीं भांडण होतें. मांत्रिकानें मंत्र म्हणून अदृश्य व्हावें, त्याच्या पावलांचा आवाज साऱ्या दालनांत घुमावा, आणि तरी "माझा पत्ता कोणालाच लागत नाहीं" असें त्यानें हट्टानें म्हणावें, हा प्रकार नित्याचा आहे. 2014 सालच्या नियमांत याचा खुलासा दिलेला आहे : अदृश्य प्राण्याचा माग त्याच्या आवाजावरून किंवा त्यानें मागें ठेवलेल्या खुणांवरून काढतां येतो. पण खुलासा पुस्तकाच्या एका टोंकाला आणि मंत्र दुसऱ्या टोंकाला, अशी त्या ग्रंथाची मांडणी असल्यामुळें तो वाचलेला मनुष्य विरळा.

आतां या नियमांचा थोडा इतिहास पाहूं. मूळ तीन पुस्तिकांत चोराची भूमिकाच नव्हती. ती 1975 सालीं ग्रेहॉक नांवाच्या पुरवणींतून आली. सावलींत लपणें आणि निःशब्द चालणें हे चोराचे विशेष गुण म्हणून शेंकडेवारींत दिले गेले. नवख्या चोराला सावलींत लपणें साधण्याचा संभव शंभरांत दहा. येथें शंका निघाली : चोराला हा अधिकार आंकड्यानें दिला, तर योद्ध्याला आणि मांत्रिकाला लपतांच येत नाहीं काय? आणि चोर जर शंभरांत नव्वद वेळां फसतो, तर आडवा पडदा असतांना त्याच्या मागें नुसता उभा राहणारा सामान्य मनुष्य त्याच्याहून बरा कीं काय? वकिलांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. समंजस सूत्रधारांनीं त्याचा उलगडा असा केला कीं, पडद्यामागें कोणीहि लपावें. जेथें पडदा नाहीं, नुसती सावली आहे, तेथें चोराचा आंकडा लागूं करावा. हा अर्थ पुस्तकांत स्पष्ट लिहिलेला नव्हता, पण दोन्ही वाक्यांना जागा देणारा होता.

पुढें अंधारांत पाहणाऱ्या जातींसाठीं उष्णता दिसण्याची दृष्टि कल्पिली गेली. साठ फुटांपर्यंत अंगांतील ऊब पाहून माणूस ओळखावयाचा. कल्पना शास्त्रीय दिसते, पण तिच्या पोटांत शंकांचें मोहोळ होतें. या दृष्टीनें पत्र वाचतां येईल काय? थंड रक्ताचा सर्प दिसेल काय? आणि हा प्रसंग वैशाखांत भुसावळास घडला तर? माणसाचें अंग सदतीस अंशांचें, आणि दिवसभर तापलेली दगडी भिंत रात्रीं आठ वाजतां चाळीसच्या वर. भिंतीला पाठ लावून उभा असलेला चोर उजेडाच्या ठिपक्याऐवजीं काळ्या आकृतीसारखा दिसावयाचा! 2000 सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तींतून ही उष्णतेची भानगड काढून टाकली गेली आणि नुसती "अंधारांतील दृष्टि" ठेवली गेली. शास्त्र कमी झालें, तंटेहि कमी झाले.

पण सर्वांत बोधप्रद उदाहरण 2014 सालच्या पांचव्या आवृत्तींतील आहे. तींत गडद अंधार, दाट धुकें आणि घनदाट झाडी या तिहींना एकाच वर्गांत घातलें होतें, आणि पहिल्या छपाईंत वाक्य असें होतें कीं, अशा जागेंत असलेला प्राणी आंधळ्यासारखा समजावा. वाक्य वाचतांना कोणालाहि तें ठीक वाटावें. पण त्याचा शब्दशः अर्थ भुसावळच्या फलाटावर लावून पाहा. रात्रीची वेळ आहे. एक उतारू फलाटाच्या अगदीं टोंकाला, जेथें दिव्यांचा उजेड पोंचत नाहीं अशा काळोखांत उभा आहे. तो अंधारांत आहे, म्हणून नियमानें आंधळा. म्हणून त्याला दूरवरचा सिग्नलचा तांबडा दिवा दिसत नाहीं, आणि उजेडांत उभा असलेला चहावालाहि दिसत नाहीं! प्रत्यक्षांत अंधारांतल्यालाच उजेडांतलें स्वच्छ दिसतें, आणि उजेडांतल्याला अंधारांतलें दिसत नाहीं. पुढें शुद्धिपत्र निघालें आणि वाक्य फिरविलें गेलें : अशा जागेंत असलेलें कांहीं पाहूं जाणारा आंधळ्यासारखा समजावा. एका वाक्याची कूस बदलली आणि पहारेकऱ्याचा कंदील व चोराचा काळोख आपापल्या जागीं बसले.

असें असूनहि काम पुरतें झालें नाहीं. अंधार हा पाहावयाच्या वस्तूवर असतो. धुकें हें पाहणारा आणि वस्तु यांच्या मध्यें असतें. धुक्यांत उभ्या असलेल्याला धुक्याबाहेरचेंहि दिसत नाहीं. सुधारलेलें वाक्य अंधाराला लागूं पडलें, पण धुक्याला लागूं करतांच पुन्हां लंगडूं लागलें, कारण धुक्यांतल्या मनुष्याला बाहेरचें सर्व दिसतें असा त्याचा अर्थ होतो. दोन निराळ्या गोष्टी एका नांवाखालीं बांधल्या कीं एकीला शिवलेला अंगरखा दुसरीला आंखूड होतो.

धुक्याच्या बाबतींत रेल्वेचे नियम करणारे या खेळवाल्यांहून शहाणे निघाले, असें म्हटल्यास पक्षपात होणार नाहीं. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या तासन् तास उशिरा भुसावळास पोंचतात, तेव्हां उतारू धुक्याला शिव्या देतात. पण "धुकें दाट आहे" हें ठरवावयाचें कोणी आणि कसें? एका स्टेशनमास्तरला जें दाट वाटेल तें दुसऱ्याला विरळ वाटेल. म्हणून भारतीय रेल्वेच्या नियमांत दृष्टीची परीक्षा घेण्यासाठीं एक ठराविक वस्तु नेमलेली असते, आणि ती निदान 180 मीटर दूर असावी असें सांगितलेलें आहे. ती दिसेनाशी झाली कीं धुकें दाट समजावयाचें, मग मास्तरचें मत कांहींहि असो. त्यानंतर नियमानुसार सिग्नलच्या अलीकडे 270 मीटरांवर, एकमेकांपासून 10 मीटरांच्या अंतरानें, रुळावर दोन फटाके ठेवले जातात. इंजिनाच्या चाकाखालीं ते फुटले कीं डोळ्यांना न दिसणारा सिग्नल जवळ आला असल्याचें चालकाच्या कानांना कळतें. येथें नियमानें "दिसणें" या शब्दाची व्याख्या करण्याचा खटाटोप केला नाहीं. कोणाला, कोठून, काय दिसलें पाहिजे एवढेंच नेमकें सांगितलें. अर्थात् तेथें चुकीची किंमत माणसांच्या प्राणांनीं मोजावी लागते, म्हणून नियम इतका काटेकोर झाला.

खेळांतील आणखी एक गंमत थोडक्यांत सांगून टाकावी. त्याच आवृत्तींत ज्याला शत्रु दिसत नाहीं त्यानें वार करतांना फांसा दोनदां टाकून लहान दान घ्यावें, आणि ज्याला शत्रु पाहूं शकत नाहीं त्यानें दोनदां टाकून मोठें दान घ्यावें, असा नियम आहे. दोन्ही परिस्थिती एकत्र आल्या तर त्या एकमेकींना छेदतात आणि फांसा एकदांच टाकावयाचा. आतां निबिड अंधारांत दोन धनुर्धर समोरासमोर उभे राहिले तर? दोघेहि एकमेकांना पाहूं शकत नाहींत; लाभ आणि हानि यांची वजाबाकी होऊन शून्य उरतें; आणि दोघेहि भर दुपारीं मारावेत तसे बाण मारतात! गणित चुकलेलें नाहीं. अशा वेळीं, शत्रु कोठें आहे हें तरी तुम्हांला ठाऊक आहे काय, असें सूत्रधारानें आधीं विचारावें, म्हणजे दशरथाला जें घड्याच्या आवाजानें कळलें तें या धनुर्धराला कशानें कळलें याचा विचार सुरू होतो.

यापुढचा प्रश्न लक्षाचा आहे. डोळ्यांपुढें आलेलें सर्व मनुष्य पाहतोच असें नाहीं. सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनीं 1999 सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू एकमेकांकडे फेंकणाऱ्या मंडळींचें चलच्चित्र दाखवून, पांढऱ्या सदऱ्यांच्या गड्यांनीं चेंडू किती वेळां फेंकला हें मोजावयास प्रेक्षकांना सांगितलें होतें. मध्येंच गोरिलाचा वेष घेतलेली एक व्यक्ति त्या घोळक्यांतून चालत गेली. मोजण्यांत गुंतलेल्या सुमारें निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाहीं. खेळाच्या नियमांत याची दखल बऱ्यापैकीं घेतलेली आहे. पहारेकरी मुद्दाम शोध घेत नसला तरी त्याच्या अंगच्या सहज सावधपणाला एक आंकडा असतो, आणि चोराच्या दानानें तो आंकडा गांठला पाहिजे. मात्र फांसा येथें लक्षाचा निवाडा करतो, दृष्टीचा नव्हे. चोर उघड्या अंगणाच्या मधोमध उभा असेल आणि पहारेकरी टक लावून त्याच्याकडेच पाहत असेल, तर वीसच्या वीस पडले तरी चोर लपत नाहीं. उलट, चोर भिंतीपलीकडे असेल तर फांशाची जरूरच नाहीं. डोळा पोंचतो कीं नाहीं हें आधीं ठरवावें. पोंचत असूनहि शंका असेल तरच फांसा उचलावा.

2024 सालीं नियमांची नवी आवृत्ति निघाली, आणि तींत लपण्याचा नियम पुन्हां लिहिला गेला. दाट आडोशामागें किंवा गडद अंधारांत, शत्रूच्या दृष्टीच्या रेषेबाहेर असतांना फांसा टाकावा. कौशल्यासह पंधरा किंवा अधिक झाले कीं तो मनुष्य "अदृश्य" समजावा. हें अदृश्यपण केव्हां संपतें? कुजबुजीहून मोठा आवाज केला तर, वार केला तर, मंत्र मोठ्यानें उच्चारला तर, किंवा शत्रूनें त्याला शोधून काढलें तर. हेतु चांगला होता; प्रत्येक सूत्रधारानें मनाला येईल तसा निवाडा देऊं नये, एक आंकडा असावा. परंतु "लपलेला" या शब्दाच्या जागीं "अदृश्य" हा शब्द आला आणि वकिली डोक्याच्या खेळाडूंचें फावलें. एकदां टाकीमागें बसून पंधरा मिळविले, कीं मग मी भर अंगणांतून चालत जाईन. मी आवाज केला नाहीं, वार केला नाहीं, शोधण्यासाठीं कोणी फांसाहि टाकला नाहीं. सबब मी अदृश्य! अक्षराला धरून बोलणाऱ्याला एकदम खोडून काढतां येत नाहीं. "शोधून काढलें" याचा अर्थ फांसा टाकून शोधलें एवढाच घ्यावा, कीं समोर आलेला डोळ्यांनीं पाहिला तरी तो शोधूनच काढला असें म्हणावें, यावर सारा निकाल अवलंबून आहे. दुसरा अर्थच ग्राह्य धरला पाहिजे. लपणें आडोशाच्या आधारानें मिळालें. आडोसा सोडून शत्रूच्या नजरेसमोर आल्यावर तें कशाच्या आधारानें टिकणार? लपंडावांतील सहा वर्षांचा मुलगाहि हें मानतो. पाठीमागून येऊन धप्पा घालावयाचा असेल, तर राज्य असलेल्याचें तोंड दुसरीकडे वळेपर्यंत तो वाट पाहतो.

सूत्रधाराला असा अर्थ लावण्याचा अधिकार कोणी दिला, असें कोणी विचारील. तो अधिकार या खेळाहून जुना आहे. 1824 सालीं प्रशियाच्या सैन्यांतील रायस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें नकाशावर खेळावयाचा युद्धाचा खेळ सिद्ध केला. त्यांत दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच असे. टेंकडीआडची पलटण शत्रूला दिसूं नये म्हणून ती त्यानें नकाशावर मांडावयाचीच नाहीं. नजरेच्या टप्प्यांत आली कीं मांडावयाची. सारें ठाऊक असलेला मनुष्य मेजावर एकच. 1899 सालीं हेन्री मायकेल टेंपल या इंग्रज गृहस्थानें हीच युक्ति बुद्धिबळाला लावली. प्रत्येक खेळाडूला फक्त आपलींच मोहरीं दिसतात आणि पंच तेवढा दोन्ही पट पाहतो. प्रशियन खेळाचे नियम पुढें इतके वाढले कीं एका चढाईचा निकाल लावण्यासाठीं कोष्टकें चाळीत बसावें लागे. तेव्हां 1876 सालीं व्हर्डी द्यू व्हर्न्वा या सेनानीनें कोष्टकें बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा, असा पक्ष मांडला. दोन्ही पद्धतींना दोष आहेत. कोष्टक आंधळें असतें आणि पंच लहरी असूं शकतो. पण लहरी पंचाला "असें कां?" म्हणून विचारतां तरी येतें.

तो पंच काय काय विचारील, हें एका ओळखीच्या जागीं पाहूं. भुसावळाहून तापी ओलांडून यावल-रावेरकडे गेलें कीं केळीच्या बागा लागतात. खोडांत पांच पांच फुटांचें अंतर, सरळ ओळी. या खेळाच्या नकाशावरील एक घरहि पांच फुटांचेंच असतें. जणूं बाग खेळासाठींच लावली आहे! समजा, रात्रीचा राखणदार हातांत कंदील घेऊन बागेंत उभा आहे आणि तीन खेळाडूंना त्याच्या नकळत पलीकडे जावयाचें आहे. पहिला त्याच ओळींत वीस खोडें दूर आहे. दुसरा अवघ्या चार खोडांवर, पण ओळ सोडून तिरकस उभा आहे. तिसरा बराच मागें आहे, पण त्याचा पाय वाळलेल्या पानावर पडला आहे. पुस्तक म्हणतें, घनदाट झाडींत असलेला दिसत नाहीं. मग तिघेहि लपले काय?

जाणता सूत्रधार पुस्तक मिटतो आणि राखणदाराच्या जागीं जाऊन उभा राहतो. पहिल्याच्या आणि त्याच्यामध्यें झाडी नाहींच. ओळीच्या रेषेंत नजर मोकळी जाते. पण कंदिलाचा उजेड तेथवर पोंचत नाहीं, म्हणून तो वांचला. चंद्र उगवला असता तर सांपडला असता. दुसरा जवळ असून पानांच्या पडद्याआड आहे. फांसा टाकावा लागेल तो त्याच्यासाठीं, कारण तो हलला तर पानें हलतील. तिसरा दिसत नाहीं, ओळखूंहि येत नाहीं, पण त्याची दिशा कळली. राखणदार तिकडे वळेल, आणि वळला कीं पहिल्याकडे त्याची पाठ होईल. एकाच बागेंत, एकाच क्षणीं, तिघांची तीन प्रकारचीं उत्तरें आलीं. शिवाय चौथी गोष्ट जिचा पुस्तकांत उल्लेख नाहीं : कंदील हातांत असलेला राखणदार स्वतः तिघांनाहि लांबून स्वच्छ दिसतो, आणि उजेडाला सरावलेल्या त्याच्या डोळ्यांना काळोखांत पाहावयास वीस मिनिटें तरी लागतील. कंदील मालवून बसलेला राखणदार जास्त भयंकर.

हे निवाडे सूत्रधारानें प्रसंग घडून गेल्यावर सांगितले तर ते कितीहि सयुक्तिक असले तरी खेळाडूला कपट वाटतात, आणि चार वर्षांची मैत्री एका रात्रींत कडू होते. म्हणून चांगले सूत्रधार खेळाच्या आरंभींच दोनचार गोष्टी बोलून ठेवतात : नजर कोठून कोठें धरावयाची, आवाजावरून काय कळेल, आडोसा सोडल्यावर काय होईल. खेळाडू पाऊल टाकण्यापूर्वींच त्याला सांगतात, "तेथें गेलास तर कंदिलाच्या उजेडांत येशील. जातोस?" त्यानें "जातों" म्हटलें, म्हणजे मग फांसा कसाहि पडो, तक्रार राहत नाहीं.

एक प्रश्न मात्र 2024 च्या पुस्तकानेंहि सोडविलेला नाहीं. तिन्हीसांजा होतात, वसाहतींतले दिवे लागतात, आणि ज्याच्यावर राज्य आहे त्याला आई जेवावयास हांक मारते. तो भोज्या सोडून घरीं जातो. इकडे टाकीमागचा मुलगा आवाज करीत नाहीं, धप्पा घालीत नाहीं, त्याला शोधून काढणाराहि कोणी उरलेला नाहीं. पुस्तकाच्या अक्षराप्रमाणें तो अजून अदृश्यच आहे. डांस चावत असतांना, अंगांत दुसऱ्याचा निळा सदरा घालून, तो बराच वेळ तेथें बसून राहतो. अखेरीस माडीवरून काकू म्हणते, "अरे, वर ये आतां, ते सगळे केव्हांच गेले."